मार्शल टिटो : अनेक राष्ट्रांच्या एका देशाचा शिल्पकार

नेहरू, नासर आणि टिटो हे तीन पुढारी शेजारी शेजारी उभे असलेली छायाचित्रे एके काळी आपल्या वर्तमानपत्रांत वरचेवर छापून येत. पहिल्या दोघांची चरित्रे आपल्या मुलांना थोडीफार ठाऊक असतात. तिसऱ्याचे नाव मात्र विस्मृतीत चालले आहे, आणि त्याला कारणही तसेच आहे. ज्या युगोस्लाव्हियाची सूत्रे त्यांनी पस्तीस वर्षे सांभाळली तो देशच आज नकाशावर नाही. शाळेच्या नकाशात त्या जागी सहा देश दिसतात, आणि सातव्या कोसोवोला काही देश मान्यता देतात तर काही, ज्यांत भारतही आहे, देत नाहीत. मग अशा माणसाचे चरित्र या स्मरणिकेत कशाला, असे एखादा पालक विचारील. त्याला एवढेच सांगायचे की, धर्म, भाषा आणि लिपी निरनिराळी असलेल्या अनेक समाजांना एका घटनेखाली बरोबरीच्या नात्याने नांदविण्याचा मोठा प्रयत्न या माणसाने केला, आणि त्या समाजांपैकी एकाचे सरकारदरबारी नोंदलेले राष्ट्रीय नावच 'मुसलमान' असे होते.

येथे एका शब्दाचा खुलासा केलेला बरा. आपण राष्ट्र आणि देश हे शब्द एकाच अर्थाने वापरतो. युगोस्लाव्हियात तसे नव्हते. देश एक होता आणि त्यात राष्ट्रे अनेक होती. स्वतःचा इतिहास, स्वतःचे नाव आणि आपण एक आहोत ही जाणीव असलेला समाज म्हणजे तेथे राष्ट्र. आपल्या घरांत 'कौम' हा शब्द कधी देशासाठी तर कधी जमातीसाठी वापरला जातो, त्याच्याशी हे काहीसे जुळते. पुढे राष्ट्र हा शब्द याच अर्थाने वाचावा.

टिटो यांचे खरे नाव जोसिप ब्रोझ. त्यांचा जन्म ७ मे १८९२ रोजी क्रोएशियातील कुम्रोवेत्स या खेड्यात झाला. हा मुलूख त्या वेळी ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात मोडत असे. वडील क्रोएट शेतकरी, आई स्लोव्हेन. गावाजवळून सुतला नदी वाहते आणि नदीपलीकडच्या स्लोव्हेनियात आईचे माहेर. बालपणाची काही वर्षे आजोळी गेल्यामुळे शाळेत जाऊ लागले तेव्हा त्यांना वडिलांच्या भाषेपेक्षा आईची भाषा अधिक सफाईने येत होती. दुसरीत ते नापासही झाले. (आमच्या विद्यार्थ्यांनी याचा सोयीचा अर्थ काढू नये, हा माणूस पुढे तुरुंगात आणि छावण्यांत जितके वाचीत बसला तितके आपल्यापैकी थोडेच जण घरी आरामात वाचतात.) प्राथमिक शाळेच्या पलीकडे शिक्षण झाले नाही. १९०७ मध्ये सिसाक गावी एका कुलपे बनविणाऱ्या कारागिराकडे ते उमेदवारीला राहिले. मग कारखान्यांतून काम करीत झाग्रेब, बोहेमिया, जर्मनी, व्हिएन्ना असा प्रवास झाला. कामगार संघटनेची आणि समाजवादाची ओळख याच काळातली.

पहिल्या महायुद्धात ते ऑस्ट्रियाच्या फौजेत होते. १९१५ मध्ये बुकोव्हिनाच्या आघाडीवर रशियन बाजूने लढणाऱ्या चेर्केसी घोडेस्वारांपैकी एकाचा भाला त्यांच्या पाठीत घुसला व ते कैद झाले. वर्षभराहून अधिक काळ इस्पितळात गेला. रशियात क्रांती झाल्यावर धरपकडीतून निसटून ओम्स्कजवळच्या किरगीझ लोकांच्या खेड्यात ते पिठाच्या गिरणीवर कामाला राहिले. त्या मुसलमान वस्तीने परक्या, परधर्मी माणसाला आसरा दिला. १९२० मध्ये ते मायदेशी परतले तेव्हा मायदेशाचे नाव बदलून गेले होते.

१ डिसेंबर १९१८ रोजी सर्ब, क्रोएट आणि स्लोव्हेन यांचे राज्य स्थापन झाले होते. सर्ब हे सनातनी ख्रिस्ती, लिपी सिरिलिक. क्रोएट व स्लोव्हेन रोमन कॅथलिक, लिपी रोमन. राज्याच्या नावात एवढ्या तिघांनाच जागा होती. मॅसिडोनियाच्या लोकांना दक्षिणेकडचे सर्ब म्हणून मोजत. कोसोवोतील अल्बेनियन, जे बहुतेक मुसलमान आणि ज्यांची भाषाच निराळी, त्यांना तर कोणी विचारीत नव्हते. बोस्नियातील मुसलमानांची गोष्ट आणखी वेगळी. ते शेजारच्या सर्ब-क्रोएटांचीच भाषा बोलत, त्याच मातीतले होते. १४६३ नंतरच्या तुर्की अमदानीत त्यांच्या पूर्वजांनी इस्लाम स्वीकारला होता. सर्ब म्हणत हे मुळात सर्ब आहेत, क्रोएट म्हणत हे मुळात क्रोएट. ते स्वतः कोण आहेत हे त्यांना विचारण्याची गरज कोणाला वाटली नाही.

१९२१ च्या घटनेने सारी सत्ता बेलग्रेडला नेऊन ठेवली. १९२८ मध्ये क्रोएटांचे पुढारी स्त्येपान राडिच यांच्यावर भर संसदेत गोळ्या झाडण्यात आल्या व काही आठवड्यांनी ते वारले. पुढच्या वर्षी राजा अलेक्झांडरने संसद बरखास्त केली, देशाचे नाव युगोस्लाव्हिया ठेवले आणि जुन्या सीमा पुसून नवे प्रांत आखले. त्यांत बोस्निया चार तुकड्यांत विभागला गेला. १९३९ मध्ये सर्ब आणि क्रोएट पुढाऱ्यांचा समझोता झाला, तेव्हाही बोस्नियाचे तेरा तालुके क्रोएशियाला जोडताना मुसलमानांचे मत कोणी घेतले नाही. दोघांच्या वाटणीत तिसऱ्याचे घर गेले, इतका हा सरळ हिशेब होता.

या काळात जोसिप ब्रोझ बंदी घातलेल्या कम्युनिस्ट पक्षाचे काम करीत होते. १९२८ मध्ये त्यांना पाच वर्षांची शिक्षा झाली. सुटकेनंतर भूमिगत जीवनात त्यांनी जी अनेक नावे घेतली त्यांपैकी 'टिटो' हे कायम राहिले. १९३७ पासून पक्षाची धुरा त्यांच्याकडे आली. त्याच वर्षी त्यांनी पक्षाच्या पोटात स्लोव्हेनियाचा व क्रोएशियाचा स्वतंत्र पक्ष काढला. पुढच्या संघराज्याचा पाया येथे, सत्ता हाती येण्याच्या कितीतरी आधी, घातला गेला.

६ एप्रिल १९४१ रोजी जर्मन विमानांनी बेलग्रेडवर बाँब टाकले आणि अकरा दिवसांत युगोस्लाव्ह फौज शरण गेली. त्यानंतरची चार वर्षे या भूमीवर जे घडले त्याचे वर्णन करवत नाही. क्रोएशियात हिटलरच्या आश्रयाने उस्ताशांचे राज्य आले. त्यांनी सर्ब, ज्यू आणि रोमा लोकांची कत्तल आरंभली. सर्बांच्या चेतनिक टोळ्यांनी पूर्व बोस्नियात मुसलमानांची गावेच्या गावे कापून काढली. मुसलमानही सारेच एका बाजूला नव्हते. काही उस्ताशांना मिळाले. १९४३ मध्ये जर्मनांनी मुसलमान तरुणांची एक एस. एस. तुकडीही उभी केली. पण याच समाजातील उलेमा आणि प्रतिष्ठित नागरिकांनी १९४१ मध्ये सारायेव्हो, मोस्तार, बान्या लुका अशा शहरांतून निवेदने काढली आणि निरपराध लोकांवरील अत्याचारांचा सह्यांनिशी निषेध केला. उस्ताशांच्या राज्यात अशा कागदावर सही करणे म्हणजे जिवावर उदार होणे होते. सारायेव्होच्या संग्रहालयातील विद्वान ग्रंथपाल दरवीश कोर्कुत यांनी जर्मनांच्या हाती लागू नये म्हणून ज्यूंची एक प्राचीन सचित्र पोथी लपवून वाचवली आणि एका ज्यू मुलीला आपल्या घरी आसरा दिला. दुर्दैव असे की, युद्धानंतर टिटोंच्याच राजवटीने १९४७ मध्ये या सज्जनाला तुरुंगात टाकले. टिटोंचे चरित्र लिहिताना ही नोंद गाळता येत नाही.

टिटोंची पार्टिझन फौज या कत्तलीच्या वणव्यात उभी राहिली. तिच्या यशाचे मर्म शस्त्रांत नव्हते. सर्ब, क्रोएट, मुसलमान, स्लोव्हेन कोणालाही जिच्यात जागा होती अशी ती एकच फौज होती. बोस्नियाच्या डोंगरांतून ती वर्षानुवर्षे लढत हिंडली. जून १९४३ मध्ये सुत्येस्का नदीच्या खोऱ्यात वेढ्यात सापडली असता टिटो स्वतः जखमी झाले. त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला बोस्नियातील यायत्से या जुन्या गावी पार्टिझनांची प्रतिनिधी सभा भरली आणि नवा युगोस्लाव्हिया संघराज्य असेल असे ठरले. त्याआधी चारच दिवस बोस्नियाच्या प्रतिनिधींनी आपला निर्णय जाहीर केला होता : बोस्निया एकट्या सर्बांचा नाही, एकट्या मुसलमानांचा नाही, एकट्या क्रोएटांचाही नाही; तो तिघांचा आहे. बाहेर लढाई चालू असताना हा ठराव झाला. माझ्या मते टिटोंच्या साऱ्या कारकिर्दीतील सर्वांत मोलाचे काम हेच.

१९४६ च्या घटनेने सहा राज्ये झाली : स्लोव्हेनिया, क्रोएशिया, बोस्निया-हर्झेगोव्हिना, सर्बिया, माँटेनेग्रो आणि मॅसिडोनिया. सर्बियाच्या पोटात व्होयव्होदिना आणि कोसोवो यांना स्वायत्तता मिळाली. मॅसिडोनियाच्या भाषेला प्रथमच अधिकृत व्याकरण, लिपी आणि शाळा मिळाल्या. मात्र देशाच्या राजचिन्हावर मशाली होत्या पाच. सर्ब, क्रोएट, स्लोव्हेन, मॅसिडोनियन आणि माँटेनेग्रिन ही ती पाच राष्ट्रे. बोस्नियाला राज्य मिळाले, पण तेथील मुसलमानांना राष्ट्र म्हणून मशाल नव्हती.

मग ते कोण? १९४८ च्या शिरगणतीत त्यांच्यापुढे तीन पर्याय ठेवले गेले : सर्ब मुसलमान, क्रोएट मुसलमान किंवा अनिश्चित मुसलमान. बोस्नियात सुमारे ७२ हजारांनी पहिले, सुमारे २५ हजारांनी दुसरे उत्तर दिले, आणि ७ लाख ८८ हजारांनी अनिश्चित असे लिहून दिले. हे लोक अनिश्चित होते काय? मुळीच नव्हते. दुसऱ्याचे नाव लावण्यापेक्षा रकाना रिकामा ठेवणे त्यांनी पत्करले. १९५३ मध्ये तर मुसलमान हा शब्दच रकान्यातून गेला आणि त्यांना अनिश्चित युगोस्लाव्ह व्हावे लागले. १९६१ मध्ये वांशिक अर्थाने मुसलमान असे लिहिण्याची मुभा मिळाली. १९६३ मध्ये राजचिन्हावर सहावी मशाल आली, तीही सहा राज्यांची म्हणून. अखेर १९६८ मध्ये बोस्नियाच्या पक्षाने मुसलमान हे एक वेगळे राष्ट्र असल्याचे मान्य केले आणि १९७१ च्या शिरगणतीत बोस्नियातील १४ लाख ८२ हजार लोकांनी ते नाव उघडपणे लिहिले. राज्यात तेच सर्वांत मोठे राष्ट्र ठरले. तेवीस वर्षे या समाजाने धीर सोडला नाही. त्याच्या बाजूने लिहिणारे आणि बोलणारे बहुतेक सारायेव्होच्या विद्यापीठातले प्राध्यापक होते हे आपल्या शिक्षणसंस्थेच्या वाचकांनी ध्यानात घ्यावे.

यातही एक गंमत होती. त्या भाषेत मुसलमान हा शब्द पहिले अक्षर मोठे काढून लिहिला की राष्ट्र, आणि लहान अक्षराने लिहिला की धर्माचा अनुयायी. म्हणजे नमाज न पढणारा कम्युनिस्टही मोठ्या अक्षराचा मुसलमान असू शकत होता, आणि कोसोवोतला पाच वेळा नमाज पढणारा अल्बेनियन फक्त लहान अक्षराचा. आपल्या देवनागरीत किंवा उर्दूत मोठे-लहान अक्षर नसल्याने हा भेद लिहून दाखवायची सोयच नाही!

हा भेद गमतीपुरता राहिला नाही. टिटोंच्या राजवटीने समाजाला राष्ट्र म्हणून नाव दिले, पण धर्म म्हणून त्याचे पंख आधीच छाटले होते. १९४६ मध्ये शरियत न्यायालये बंद झाली, मक्तबे बंद पडली, वक्फच्या मिळकती सरकारजमा झाल्या, १९५० मध्ये कायद्याने बुरखा उतरवला गेला. चर्चचीही त्या वर्षांत अशीच गत झाली. पुढे, विशेषतः अरब देशांशी स्नेह वाढल्यावर, हात सैल झाला. सोळाव्या शतकातील गाझी खुस्रेव-बेग मदरसा चालूच होता आणि १९७७ मध्ये सारायेव्होत इस्लामी धर्मशास्त्राचे महाविद्यालय उघडले. त्याच वर्षी जानेवारीत जेमाल बियेदिच विमान अपघातात ठार झाले. मोस्तारचा हा मुसलमान तरुण बेलग्रेडला कायदा शिकला, पार्टिझन झाला आणि १९७१ पासून मृत्यूपर्यंत साऱ्या युगोस्लाव्हियाचा पंतप्रधान होता. १९४१ मध्ये ज्या समाजाची गावे जळत होती, त्या समाजाचा माणूस तीस वर्षांनी सरकारच्या प्रमुखपदी बसला, ही गोष्ट लहान नव्हे.

परदेशात टिटोंची कीर्ती निराळ्या कारणाने झाली. १९४८ मध्ये त्यांनी स्टालिनशी उघड फारकत घेतली. दोन्ही गटांपासून दूर राहणाऱ्या देशांची मोट नेहरू-नासरांच्या साहाय्याने बांधली आणि १९६१ मध्ये बेलग्रेडला अलिप्त राष्ट्रांची पहिली परिषद भरवली. १९५४ च्या डिसेंबरात 'गालेब' या आपल्या जहाजातून ते मुंबई बंदरात उतरले होते, हे जुन्या मुंबईकरांना आठवत असेल. स्टालिनला नकार देणाऱ्या या पुढाऱ्याने स्टालिनच्या बाजूच्या ठरविलेल्या हजारो लोकांना मात्र गोली ओतोक नावाच्या उजाड बेटावर डांबले. विरोध त्यांना सहन होत नसे.

संघराज्याच्या दुखण्याचे मूळ येथेच आहे. १९७४ ची घटना ४०६ कलमांची होती. राज्यांच्या सभागृहात प्रत्येक राज्याचे बारा प्रतिनिधी, मग लोकसंख्या कितीही असो. स्वायत्त प्रांतांचे आठ-आठ. महत्त्वाचे निर्णय सर्वांच्या संमतीने. टिटोंनंतर राष्ट्राध्यक्षपद दर वर्षी एकेका घटकाकडे फिरणार. अल्बेनियन, हंगेरियन, तुर्की मुलांना मातृभाषेत शाळा. १९७० पासून प्रिश्तिना येथे विद्यापीठ. कागदावर याहून उदार घटना शोधून सापडणार नाही. तिच्या आरंभीच प्रत्येक राष्ट्राचा स्वयंनिर्णयाचा हक्क, अगदी वेगळे होण्याच्या हक्कासह, मान्य केला होता.

पण हा हक्क बजावायचा कसा, त्याची पायरी कोठेच लिहिली नव्हती. तो राज्याचा की राष्ट्राचा, हेही संदिग्ध. क्रोएशियातल्या सर्बांनी काय करायचे? बोस्नियात तर तीन राष्ट्रे एकाच गल्लीत राहत होती. अल्बेनियन लोकांना राष्ट्र न मानता राष्ट्रीयत्व असा कमी दर्जाचा शब्द वापरला होता, कारण त्यांचा मूळ देश सीमेपलीकडे होता. १९८१ च्या शिरगणतीत ते सतरा लाखांहून अधिक भरले, तर राज्य आणि राष्ट्र दोन्ही असलेले माँटेनेग्रिन सहा लाखांच्या आत. या प्रश्नांवर मोकळेपणी बोलायला व्यासपीठ नव्हते. पक्ष एकच, वर्तमानपत्रे त्याचीच. १९७१ मध्ये क्रोएशियातील पुढारी आपल्या राज्यासाठी अधिक हक्क मागू लागले तेव्हा टिटोंनी त्यांना दूर केले. पुढच्या वर्षी सर्बियातील उदारमतवादी पुढाऱ्यांची तीच गत केली. भांडण लागले की सारे टिटोंकडे जात आणि टिटो निकाल देत. समाजासमाजांनी समोरासमोर बसून, मते मोजून, तडजोड करण्याची सवय त्या देशाला लागलीच नाही. घटनेने टिटोंना तहहयात अध्यक्ष केले होते, आणि संघराज्याचे आयुष्यही जणू त्यांच्या आयुष्याला बांधले होते.

४ मे १९८० रोजी ल्युब्ल्यानाच्या इस्पितळात त्यांचे निधन झाले. अठ्ठ्याऐंशीव्या वाढदिवसाला तीन दिवस उरले होते. स्प्लिट येथे क्रोएट आणि सर्ब संघांमधील फुटबॉलचा सामना चालू होता. बातमी येताच खेळ थांबला आणि दोन्ही बाजूंचे खेळाडू मैदानावर रडले. ते अश्रू खोटे नव्हते. अंत्यविधीला इंदिरा गांधींसह जगभरचे पुढारी हजर होते.

पुढचे वेगाने घडले. परदेशी कर्जाचा डोंगर होताच. १९८१ मध्ये कोसोवोत राज्याच्या दर्जाची मागणी करणारी निदर्शने चिरडली गेली. १९८३ मध्ये सारायेव्होत काही मुसलमान विचारवंतांवर खटला होऊन आलिया इझेत्बेगोविच यांना चौदा वर्षांची शिक्षा झाली. राष्ट्र मान्य, पण धर्माविषयी लिहिणे गुन्हा. १९८९ मध्ये मिलोशेविचच्या सर्बियाने कोसोवोची स्वायत्तता काढून घेतली. २५ जून १९९१ रोजी स्लोव्हेनिया व क्रोएशिया बाहेर पडले. बोस्नियाने १९९२ मध्ये सार्वमत घेतले. त्यावर बहुतेक सर्बांनी बहिष्कार टाकला आणि एप्रिलमध्ये युद्ध पेटले. सुमारे एक लाख माणसे मेली. जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनित्सा येथे आठ हजारांहून अधिक मुसलमान पुरुष व मुलगे मारले गेले. मोस्तारचा चारशे वर्षांचा पूल १९९३ मध्ये क्रोएट तोफांनी पाडला. तो २००४ मध्ये पुन्हा बांधला गेला. सप्टेंबर १९९३ मध्ये, वेढलेल्या सारायेव्होत भरलेल्या सभेत बोस्नियाच्या मुसलमानांनी मोठ्या अक्षराचे ते नाव सोडले आणि 'बोस्नियाक' हे जुने नाव घेतले.

१९९५ च्या डेटन करारातून आलेल्या घटनेने बोस्नियाचे अध्यक्षमंडळ तिघांचे केले : एक बोस्नियाक, एक सर्ब, एक क्रोएट. उरलेल्यांसाठी 'इतर' असा शब्द आहे. या इतरांपैकी एक ज्यू आणि एक रोमा नागरिक युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले, कारण त्यांना त्या पदासाठी उमेदवारीच करता येत नव्हती. डिसेंबर २००९ मध्ये न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला.